मिक्सर कम्प्युटरला जोडलाय, पण रेकॉर्डिंग होत नाही: कुठून आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या ओळखीच्यांचा मिक्सर कम्प्युटरला जोडून द्यायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतं. प्रत्येकाचा मिक्सर निराळा, कम्प्युटर निराळा, पण तक्रार साधारण तीच आणि तिच्यामागचा निष्कर्षही तोच: "मिक्सर गेला वाटतं." मिक्सर खरोखर गेलेला मला फार कमी वेळा सापडला. घोळ बहुतेक वेळा दोघांच्या मधल्या सांध्यात असतो. केबल चुकीची असते, पिन चुकीच्या जागी खोचलेली असते, सिग्नल जास्त जोराचा असतो, नाहीतर कम्प्युटरने भलताच माइक निवडलेला असतो. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी खालच्या क्रमाने जा. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आहेत, खर्चाच्या आणि कटकटीच्या शेवटी.

आधी लक्षण ओळखा

यातलं तुमचं कोणतं ते ठरवा. दोन-तीन एकदम असली तरी हरकत नाही.

- मिक्सरवरचे दिवे आवाजाबरोबर हलतात, पण सॉफ्टवेअरमधली रेघ सपाट.
- आवाज येतो पण फाटलेला. सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) खाली घेतला तरी फाटलेलाच, फक्त हळू.
- आवाज फार बारीक, वाढवला की सूं करून खरखर वर येते.
- एकाच कानात आवाज.
- हेडफोनवर ठीक, पण फोनच्या स्पीकरवर लावलं की गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ नाहीसा.
- सतत घूंऽऽ, किंवा बारीक किणकिण जी माउस हलवला की बदलते.
- स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, किंवा मध्येच शिट्टी घुमते.
- टिक्-टिक् असे तुटक आवाज, किंवा वाजवलं त्यापेक्षा वरच्या सुरात ऐकू येतं.

हेडफोन मिक्सरलाच लावा

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती प्रश्नाचे सरळ दोन तुकडे करते. हेडफोन कम्प्युटरमधून काढून मिक्सरच्या फोन्स जॅकमध्ये घाला आणि ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल तर माइक, माइकची केबल, चॅनेल, गेन (सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच वाढवणारं बटण) हे सगळं सुटलं, पुढचा शोध फक्त मिक्सर ते कम्प्युटर एवढ्याच पट्ट्यात. तिथेच आवाज खराब असेल तर कम्प्युटरकडे बघूही नका.

ऐकताना दर वेळी माइकमध्ये "हॅलो, हॅलो" करत बसू नका. फोनवर एखादं गाणं लावून ते मिक्सरच्या स्टिरिओ लाइन चॅनेलमध्ये सोडा. सिग्नल सतत चालू राहतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि माइकवरचा संशयही बाजूला पडतो. गाणं येतं पण माइक येत नाही, असं झालं आणि माइक कंडेन्सर प्रकारचा असेल तर ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे मिक्सरने केबलमधून माइकला द्यायची वीज, चालू आहे का बघा. ते चालू-बंद करताना फेडर खाली हवेत, नाहीतर जो धप्प आवाज येतो तो हेडफोनला आणि कानाला दोघांनाही बरा नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. हेडफोनमध्ये आवाज येतो म्हणजे तो मुख्य आउटपर्यंत जातोच असं नाही. बऱ्याच मिक्सरवर पीएफएल किंवा सोलो दाबलं की हेडफोनमध्ये फेडरच्या आधीचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे आधी सगळे सोलो सोडा, मग ऐका. चॅनेलचं म्यूट, चॅनेलचा फेडर, मुख्य फेडर, आणि ग्रुप असलेल्या मिक्सरवर चॅनेल मेनला नेमलाय का, हे चार बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

केबल

यूएसबीवाला मिक्सर असेल आणि कम्प्युटरला तो दिसतच नसेल, तर सर्वात आधी केबल बदलून बघा. फोन चार्ज करण्यासाठी येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागतो, म्हणून माणूस केबलवर संशय घेत नाही. हब वापरत असाल तर तो काढून मिक्सर थेट कम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर पाठीमागच्या पोर्टमध्ये लावा, कारण तो मदरबोर्डवरच असतो. पुढच्या पोर्टला आतून आणखी एक वायर जाते.

साधी ऑडिओ केबल असेल तर गाणं चालू ठेवून दोन्ही टोकांशी ती हळूच वाकवा. पिनच्या मानेपाशी खर्रकन आवाज आला किंवा एक बाजू गेली-आली, तर तार आत तुटलीय. अशी केबल कपाटात परत ठेवू नका. पुढच्या वेळी तीच हातात येते.

कम्प्युटर नेमकं काय ऐकतोय?

माझ्या अनुभवात "आवाजच येत नाही" या तक्रारीचं सर्वात मोठं कारण हे आहे. लॅपटॉपला स्वतःचा माइक असतो आणि सॉफ्टवेअर तोच धरून बसतं. खात्री करायची सोपी रीत: रेकॉर्ड चालू करून लॅपटॉपच्या कडेला नखाने टकटक करा. टकटक रेकॉर्ड झाली, तर तुम्ही मिक्सर नाही, लॅपटॉपचा माइक रेकॉर्ड करताय.

सिस्टिमच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून मिक्सर निवडा, आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा वेगळा निवडा. दोन्ही जागा स्वतंत्र असतात. मिक्सरचं नाव यादीत दिसलं नाही तर घाबरू नका, अनेक मिक्सर तिथे कंपनीच्या नावाऐवजी "यूएसबी ऑडिओ कोडेक" असल्या नावाने येतात.

मग परवानगी. विंडोजमध्ये प्रायव्हसीच्या पानावर आणि मॅकमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये मायक्रोफोन वापरायची परवानगी असते. नाव मायक्रोफोन असलं तरी ती सगळ्याच ऑडिओ इनपुटला लागू होते. ती नसेल तर सॉफ्टवेअर बहुधा तक्रार करत नाही, मुकाट्याने शांतता रेकॉर्ड करतं. विंडोजमध्ये डेस्कटॉप ॲपसाठी वेगळं बटण आहे, तेही बघा. त्याच फेरीत ऑडिओ एन्हान्समेंट बंद करून टाका. आवाजातला गोंगाट कमी करणारं ते गणित बोलण्यासाठी बनवलेलं आहे. लांबवलेला सूर त्याला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि तो ते खाऊन टाकतं.

कुठून काढलं आणि कुठे घातलं

यूएसबी नसलेला मिक्सर असेल तर खरा घोळ इथे असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मिक्सरच्या मुख्य आउटची नेहमीची पातळी असते +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. टेप आउट किंवा रेक आउट लिहिलेली आरसीए भोकं असतील तर तिथे बहुधा −१० डीबीव्ही, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट. आणि माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. आता कम्प्युटरचं गुलाबी भोक म्हणजे माइक-इन. ते त्या मिलिव्होल्टसाठी बनवलंय. त्यात मिक्सरचा मुख्य आउट सोडला तर अपेक्षेपेक्षा शेकडो पट मोठा सिग्नल आत शिरतो आणि पहिल्याच पायरीवर चेपतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही कमी करा, चेपलेला आवाज हळू होतो, सरळ होत नाही. "फेडर खाली घेतला तरी फाटलेलाच" या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा हे.

निळं भोक असेल तर ते लाइन-इन. मिक्सर तिथे लावा, आणि शक्यतो मुख्य आउटऐवजी टेप आउटमधून काढा. दोन आरसीएपासून एक ३.५ मिमी स्टिरिओ पिन, अशी केबल लागते, बस्स. पातळी जुळते आणि मुख्य आउट स्पीकरसाठी मोकळा राहतो.

बऱ्याच लॅपटॉपना निळं भोक नसतंच. एकच भोक असतं, हेडसेटचं. त्यात तीन पट्ट्यांची साधी स्टिरिओ पिन घातली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो. पिन हातात धरून बघा: हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार पट्ट्या, आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये माइक असतो सर्वात मागच्या, चौथ्या पट्टीवर. साध्या पिनेवर दोनच रेघा. तिची शेवटची पट्टी लांब असते आणि ती माइकचा संपर्क सरळ ग्राउंडला टेकवते. लॅपटॉपला वाटतं माइक नाहीच. कितीही वेळा काढून घातली तरी तसंच होणार. माइक आणि हेडफोन वेगळे करणारा फाटा लावला तर आवाज येतो, पण तो एकाच चॅनेलचा आणि माइकच्या पातळीचा. बोलण्यापुरतं चालवून घ्या. गाण्यासाठी यूएसबीचा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या, ज्याला खरा लाइन-इन आहे. या सगळ्या यादीत पैसे खर्च करा असं मी मनापासून सांगतो ते एवढ्या एकाच ठिकाणी.

आणि एक ताकीद. मिक्सरमध्येच ॲम्प्लिफायर असेल, तर त्याच्या स्पीकर लिहिलेल्या आउटमधून कम्प्युटरला काहीही जोडू नका, एकदा बघण्यापुरतंही नाही. तिथे स्पीकर हलवायचे व्होल्टेज असतात, कम्प्युटरचं इनपुट त्यात जळतं.

फोनवर आवाज गायब होतो त्याचं

एका मैत्रिणीने एकदा संध्याकाळभर रेकॉर्ड केलेलं गाणं मला पाठवलं. हेडफोनवर ऐकलं तेव्हाच आवाज विचित्र वाटला, डोक्याच्या मधोमध काहीच नाही आणि दोन्ही कानांच्या बाहेर पसरलेला. मग फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावलं. मागची साथ ऐकू येत होती, ती स्वतः नव्हती. तिला वाटलं फाइल खराब झाली.

झालं असं होतं: मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमधून दोन रेघांच्या पिनेची एकच केबल कम्प्युटरच्या स्टिरिओ लाइन-इनमध्ये गेली होती. बॅलन्स्ड जोडणीत टोकावर सिग्नल असतो आणि मधल्या रिंगवर तोच सिग्नल उलटा. कम्प्युटरला बॅलन्स्ड कळत नाही. त्याने टोकाला डावं मानलं आणि रिंगला उजवं. डाव्यात लाट वर जाते तेव्हा उजव्यात बरोबर तेवढीच खाली. फोनच्या एका स्पीकरवर दोघांची बेरीज झाली की उत्तर शून्य. साथ नंतर सॉफ्टवेअरमध्ये जोडलेली होती, म्हणून ती वाचली.

तिचं गाणंही वाचलं. स्टिरिओ ट्रॅक फोडून एक बाजू काढून टाकली आणि उरलेली मोनो म्हणून मधोमध ठेवली. तुमच्याकडे असं रेकॉर्डिंग पडलं असेल तर पुसू नका, हेच करा. पुढच्या वेळेसाठी केबल बदला: मिक्सरच्या डाव्या आणि उजव्या आउटमध्ये एकेक साधी मोनो पिन, आणि कम्प्युटरच्या टोकाला एक स्टिरिओ पिन. काही मिक्सरमध्ये रिंगवर उलटा सिग्नल नसतो. तिथे याच चुकीने आवाज गायब होत नाही, एकाच कानात येतो.

पातळी बसवणं

चॅनेलचा फेडर आणि मुख्य फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा. मग जितक्या जोरात गाणार आहात तितक्या जोरात गाऊन गेन वाढवा, सॉफ्टवेअरच्या मीटरवर सरासरी −१८ च्या आसपास आणि सर्वात जोराची जागा −१० ते −६ च्या मध्ये येईपर्यंत. लाल दिवा एकदाही लागायला नको. माणसं उलटं करतात, गेन तळाशी ठेवून फेडर टोकाला नेतात. मग सिग्नलबरोबर मिक्सरची स्वतःची सूंही तितकीच वर येते. मीटर शून्याला भिडवायची हौस टेपच्या काळातली. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर खाली भरपूर जागा आहे.

मिक्सरवर ठीक आणि कम्प्युटरवर फाटका असेल तर सिस्टिममधली इनपुट पातळी बघा. काही यूएसबी मिक्सर विंडोजला माइक म्हणून दिसतात आणि ती पट्टी शंभरावर असते. ती खाली आणून पुन्हा ऐका.

दोनदा ऐकू येतं, शिट्टी घुमते

यूएसबी मिक्सरवर कम्प्युटरचा आवाज परत मिक्सरमध्ये आणणारं बटण असतं. ते परतणीचा आवाज मुख्य मिक्समध्ये टाकत असेल, आणि मुख्य मिक्सच कम्प्युटरकडे जात असेल, आणि सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग चालू असेल, तर वर्तुळ पूर्ण झालं. आवाज फिरत राहतो आणि वाढत जातो. ते बटण फक्त फोन्स किंवा कंट्रोल रूमला नेमा, आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग बंद ठेवा. स्वतःचा आवाज थेट मिक्सरमधून ऐका. तिथे उशीर होतच नाही.

सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल तर बफर, म्हणजे कम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून मग पुढे पाठवतो तो, कमी करा. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा एक बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि जाता-येता ते दुप्पट होतात. एवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण १४ मीटर जातो. म्हणजे मोठ्या खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून स्वतःचं गाणं ऐकल्यासारखं. १२८ किंवा २५६ वर आणा. त्याने टिक्-टिक् सुरू झाली तर कम्प्युटर दमतोय, एक पायरी वर जा.

सूर बदलतो

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो आकडा, जुळत नाही, एवढंच. ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेलं ४८ वर वाजवलं की ते जवळपास नऊ टक्के जलद आणि दीड अर्धस्वर वर जातं. मिक्सर, सिस्टिम आणि सॉफ्टवेअर, तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा. मधूनमधून टिक् येत असेल तरी आधी हेच बघा. विंडोज लॅपटॉप असेल तर यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंगही बंद करा.

घूंऽऽ

सर्वात चिवट प्रकार, आणि धोका असलेला एकमेव. म्हणून शेवटी.

पहिली चाचणी फुकट: लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर ऐका. घूं थांबली तर ग्राउंड लूप आहे. मिक्सर एका मार्गाने अर्थला जोडलेला, कम्प्युटर दुसऱ्या मार्गाने, आणि दोन अर्थमधल्या किंचित फरकामुळे ऑडिओ केबलच्या जाळीतून वीज वाहते. ती वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि त्यांच्या पटींत ऐकू येते. किणकिण माउसबरोबर बदलत असेल तर कम्प्युटरच्या आतला गोंगाट त्याच वाटेने येतोय.

उपाय स्वस्ताकडून महागाकडे: मिक्सर, कम्प्युटर, स्पीकर सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. ऑडिओच्या केबल विजेच्या केबलपासून दूर करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. रेकॉर्डिंग छोटं असेल तर बॅटरीवर उरका. तरी राहिली तर साध्या ऑडिओ जोडणीत मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो आवाज जाऊ देतो, ग्राउंडचा धागा तोडतो. यूएसबीसाठीही आयसोलेटर मिळतात, पण स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटपुरतेच चालतात. साध्या दोन चॅनेलच्या १६ बिट मिक्सरला ते पुरतं, बरेच चॅनेल पाठवणाऱ्या मिक्सरला नाही.

प्लगची तिसरी, अर्थची पिन काढली की घूं जाते, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. घूं जातेही. पण ती पिन घूं येण्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे. मिक्सरच्या आत विजेची तार पत्र्याला लागली तर ती वीज अर्थमधून जाते आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर ती पत्र्यावर येते, पत्र्यावरून माइकच्या केबलची जाळी, जाळीवरून माइकची धातूची टोपी, आणि त्या टोपीला गाणाऱ्याचे ओठ लागलेले असतात. कृपा करून ती पिन कधीही काढू नका, टेप लावून झाकू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

मिक्सरच्या पत्र्याला किंवा माइकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच सगळं बंद करा. हे काम आधी इलेक्ट्रिशियनचं, घरातलं अर्थिंग तपासायचं, मग मिक्सरचं. जळका वास, हाताला चटका बसेल इतका तापलेला ॲडॉप्टर, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज, यातलं काहीही असेल तर प्लग काढा आणि पुन्हा लावून बघू नका.

काहीही न जोडता, सगळे फेडर खाली असताना, फक्त हेडफोनवर मिक्सर घुमत असेल तर बहुधा त्याच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत. दुसरा ॲडॉप्टर लावून बघायचा मोह होईल, पण अनेक मिक्सरचे ॲडॉप्टर डीसी नाही, एसी देतात. व्होल्टेज आणि प्रकार तंतोतंत जुळत नसेल तर लावू नका. आत सप्लाय असलेला मिक्सर घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर काही काळ भरलेले असतात. हलणारं यूएसबी पोर्ट, चांगला माइक आणि चांगली केबल लावूनही एकाच चॅनेलवर न मिळणारं फँटम, हेही डाग द्यायचं काम, म्हणजे टेक्निशियनचं.

नेताना सोबत ॲडॉप्टर आणि तुमचीच केबल न्या. एका कागदावर लिहून द्या: कोणत्या चॅनेलवर, कोणत्या आउटवर, लॅपटॉप बॅटरीवर असताना की चार्जरवर, आणि हेडफोनमध्ये ऐकू येतं की फक्त रेकॉर्डिंगमध्ये. फोनवर त्या आवाजाची दहा सेकंदांची क्लिप घेऊन ठेवा, कारण दुकानातल्या टेबलावर तो आवाज पुष्कळदा येतच नाही.